दोन पावलं

तिआहो बॅट घेऊन डावखुऱ्यांच्या चौकटीत जाऊन उभी राहिली आणि माझ्या पेन्सिलीचं टोक मोडलं. वही मांडीवर होती, दक्षिणेचा वारा तिची पानं ओढत होता, पलीकडे कोणाचा तरी बाप पावात गुंडाळलेलं सॉसेज खाता खाता ओरडत होता. आणि होम प्लेटपाशी माझी पंधरा वर्षांची नात, जी दात घासते उजव्या हाताने, नदीत दगड फेकते उजव्या हाताने आणि सात वर्षांची असल्यापासून बॅट फिरवते उजवीकडून, ती प्लेटला वळसा घालून पलीकडे गेली आणि अशी उभी राहिली, जणू चुकून दुसऱ्याच्या घरात शिरली आहे आणि आता चहा घेतल्याशिवाय निघता येत नाही. बॉल टाकणाऱ्या पिचरच्या हातून तो सुटायच्या आत ती पळत सुटली. पळता पळता बॅट नुसती पुढे धरली. बॉल हातातून निसटलेल्या बटाट्यासारखा दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधल्या शॉर्टस्टॉपकडे गडगडत गेला आणि तो कोणी उचलेपर्यंत पोरगी पहिल्या बेसवर. सगळे ओरडले. सॉसेजवाला बाप तर उभा राहिला. मी मोडक्या टोकाने वहीत हिट लिहिली, ती कागदावर नीट उमटलीसुद्धा नाही.

सॉफ्टबॉलमध्ये स्लॅप म्हणतात त्याला. मी टपली म्हणते. लहान पोराच्या डोक्यात मारतात ना तशी. लागत नाही, पण मारणाऱ्याची पायरी आणि खाणाऱ्याची पायरी दोघांना कळते. डावखुऱ्यांच्या चौकटीतून पहिला बेस दोन पावलं जवळ पडतो, म्हणून चपळ पोरींना तिकडे नेऊन उभं करतात आणि सांगतात, मारू नकोस, नुसती टेकव आणि पळ. दोन पावलं. एवढ्यासाठी एखाद्या मुलीचा सगळा देह उलटा करायचा, मोजा उलटा करतात तसा. मला इतका संताप आला की पुढच्या दोन खेळाडूंचं मी काय लिहिलं ते मला आजही वहीत बघावं लागेल. रागाला वास असतो; मला तो ओल्या चामड्याच्या ग्लोव्हजचा येतो. एकोणीसशे ब्याऐंशी साली मी चौदा वर्षांची होते, आणि आमचे कोच मिस्टर प्रॅट यांनी माझ्या दोन्ही खांद्यांना धरून, सामानाची पेटी सरकवावी तसं मला प्लेटच्या या बाजूने त्या बाजूला सरकवलं होतं. "नाइरी," ते म्हणाले, "तू एवढीशी, पाय मात्र सशाचे. मारायला मोठ्या पोरी आहेत. तू आपली पळ." मोठ्या पोरींत माझी सख्खी बहीण मकेरे होती, ती खो खो हसली. त्याच्या आदल्याच आठवड्यात मी उजवीकडून मारलेला बॉल मैदानापलीकडच्या पॉप्लरच्या रांगेत गेला होता. तो बॅटला लागला तेव्हा हातांना काहीच कळलं नव्हतं. चुकीचा लागला तर बॉल तळहातात मुंग्या आणतो, बरोबर लागला की काहीच नाही, जणू हातच नाहीत. ते काहीच-नाही मला आयुष्यात एकदा मिळालं. त्यानंतर सहा वर्षं टपल्या. मी प्लेटवर आले की समोरच्या संघातल्या पोरी चार पावलं पुढे सरकायच्या, वाकून, गुडघ्यांवर हात ठेवून, रांगत्या बाळाकडे जावं तशा. ते मला सगळ्यात जास्त लागायचं. कोणीही कधी माझ्यासाठी मागे सरकलं नाही.

मकेरे आता नाही. तिआहो तिच्या मुलाची मुलगी. आमच्यात आजीच्या बहिणीही आजीच असतात, म्हणून मी नॅन. मग हळूहळू सगळ्या क्लबचीच नॅन झाले, मला कोणी विचारलं नाही. तेहतीस वर्षं हट व्हॅलीच्या या मैदानावर तारेच्या जाळीमागे घडीची खुर्ची टाकून मी स्कोअर लिहिते. आठवड्यात बस चालवते, शनिवारी वही. दोन्ही कामांत माणसं कळतात. बसच्या आरशात कोण कोणाशेजारी बसत नाही ते दिसतं, आणि वहीत कोणाची आई कोणाची चूक झाकायला सांगते ते. "नॅन, ते चूक नको लिहूस गं, पोरीला रडू येईल," असं मला किती आयांनी सांगितलं असेल, आणि मी प्रत्येकीला सांगितलं, रडू दे, पेन्सिल रडत नाही. मला या वाक्याचा अभिमान होता. पुढे जे झालं त्यात मला सगळ्यात जास्त लाज वाटते ती या वाक्याची.

खेळ संपल्यावर मी कोच जोलीनला गाठलं. जोलीन बत्तीसची, चांगली पोरगी, हे लिहायला मला त्रास होतो. शाळेत असताना माझ्या बसमध्ये मागच्या सीटवर पाय टाकून बसायची आणि मी मायकवरून ओरडले की पाय काढायची. आता तिच्याकडे एक टॅब आहे आणि तो ती छातीशी असा धरते जसं काही चर्चमध्ये चालली आहे.

"तिआहोला डावीकडे कोणी उभं केलं?" मी विचारलं.

"मी. पहिल्याच दिवशी हिट, बघितलंत ना? दोन महिने गुपचूप तयारी करून घेतली."

"गुपचूप कशाला? पोरगी चोरायची होती?"

"नॅन, तुम्ही चिडणार हे सगळ्या क्लबला माहीत होतं." ती हसली. "अहो, पुढच्या शनिवारी विभागाच्या संघाची यादी लागायची आहे. उजवीकडून मारणाऱ्या धडधाकट पोरी माझ्याकडे पाच आहेत. टपलीवाली एकही नाही. डावीकडून खेळली तर तिआहोचं नाव मी डोळे मिटून टाकते."

"ती मारणारी आहे."

"नाहीये ना! तेच तर." तिने टॅब उघडला आणि माझ्यासमोर धरला, चष्मा नसलेल्या बाईसमोर धरतात तसा, फार जवळ. "गेल्या मोसमात अठ्ठेचाळीस वेळा बॅटिंग, वीस हिट. हजारात चारशे सतराची सरासरी. उत्तम! पण त्या वीसमधल्या अकरा हिट शॉर्टस्टॉप आणि तिसऱ्या बेसच्या पुढे गेल्याच नाहीत. आतल्या आत. म्हणजे काय? पोरगी पायांवर हिट मिळवते, हातांवर नाही. मग तिला दोन पावलं जवळ का उभी करू नये? हे मी नाही म्हणत, आकडे म्हणतात. आणि आकडे तुमचेच आहेत, नॅन. तुमच्या वहीतून उतरवलेत मी, एकेक. तुमच्याइतकं चोख कोण लिहितं?"

मी वही मिटली आणि खुर्चीची घडी घातली.

त्या अकरा हिट हिट नव्हत्या. साधारण खेळाडूने साधारण प्रयत्नात धरायला हवा होता असा बॉल सुटला, तर ती समोरच्याची चूक. मारणारीला त्याचं काही मिळत नाही, सरासरीत ती बाद झाल्यासारखीच धरतात. वहीत प्रत्येक जागेला ठरलेला आकडा असतो, शॉर्टस्टॉपचा सहा, तिसऱ्या बेसचा पाच. अकरा वेळा तिथे चूक लिहायला हवी होती आणि अकरा वेळा मी हिट लिहिली. गेल्या मोसमात तिआहोची आई पर्थला गेली, खाणीत काम बरं मिळतं म्हणून, सहा महिन्यांसाठी म्हणून, आणि अजून तिकडेच आहे. पोरगी शनिवारी मैदानावर यायची ती डोळे सुजवून. बॉल उशिरा दिसायचा तिला, बॅट उशिरा यायची. बॉल बेसजवळच्या, आतल्या पोरींकडे सरळ सरळ जायचे आणि त्यांच्या हातून सुटायचे, तेरा-चौदा वर्षांच्या पोरींच्या हातून सुटतात तसे. ती पहिल्या बेसवर उभी राहून जाळीकडे बघायची. माझ्याकडे. मग मी हिट लिहायचे. पहिल्या वेळी आधी आजूबाजूला बघून घेतलं. तिसऱ्या वेळेपासून नाही.

सोमवारी मी बस चालवत होते आणि माझा राग बसमध्ये चढलेल्या दारुड्यासारखा एका सीटवरून दुसऱ्या सीटवर हिंडत होता. आधी तो जोलीनशेजारी बसला. टॅबवाली! पोरीच्या कमरेकडे एकदा बघितलं असतं तर कळलं असतं. उजवीकडून बॅट फिरते तेव्हा तिआहोची कंबर आधी वळते आणि हात मागून येतात, असं शंभरात एकीचं होतं, ते शिकवता येत नाही. मग तो प्रॅटशेजारी बसला, पण प्रॅट मेलेले, मेलेल्या माणसाशेजारी राग फार वेळ बसत नाही. मग मकेरेशेजारी, ती हसली होती म्हणून. मग पर्थला गेलेल्या सुनेशेजारी, आणि तिथे त्याला बरंच बरं वाटलं, चार-पाच थांबे तो तिथेच होता. नायनाईच्या दुकानांपाशी मी आरशात बघितलं, तर बस रिकामी, आणि आरशात माझंच तोंड. प्रॅटने मला खांद्यांना धरून सरकवलं होतं. मी तिआहोला पेन्सिलीने सरकवलं. प्रॅट निदान सगळ्यांसमोर उभे होते. मागून एका गाडीने भोंगा वाजवला. सिग्नल हिरवा होऊन किती वेळ झाला होता, कोणास ठाऊक.

बुधवारी तिआहो जेवायला आली. उन्हाळ्यात आमच्याकडे साडेआठपर्यंत उजेड असतो. मी जेवणाआधीच तिला परसात काढलं. तिथे डेपोतून आणलेली रेडिएटरची रबरी नळी खुंटावर बसवलेली आहे. नळीच्या तोंडावर बॉल ठेवायचा आणि जाळ्यात मारायचा. तिआहो आपोआप डावीकडे गेली.

"उजवीकडे ये."

"जोलीन म्हणते या आठवड्यात उजवीकडून अजिबात नको, सवय मोडते."

"मोडायलाच बोलावलंय. ये."

तिने मारलं. दोन महिन्यांत पाय बिघडले होते. बॅट बॉलपर्यंत पोहोचायच्या आत मागचा पाय निघालेला, कंबर निघालेली, खांदे निघालेले, सगळं अंग पहिल्या बेसकडे निघून गेलेलं आणि बॅट मागे एकटी, स्टेशनवर चुकलेल्या पोरासारखी. बॉल नळीवरून टपकन खाली पडला. मी गॅरेजमधून गाडीचं जुनं टायर ओढत आणलं आणि जमिनीवर आडवं टाकलं.

"मागचा पाय याच्या आत ठेव. पुढचा बाहेर."

"हे काय आता?"

"पळून दाखव."

ती पळू शकेना. पहिल्या फटक्याला टायरला अडखळली, दुसऱ्याला शिवी दिली, तिसऱ्याला माझ्याकडे बघून दिली. मी म्हटलं, "टाच फिरव, टाच. बेंबीने पिचरकडे बघ, मग हात. बॉल कुठे गेला ते बघायला तुला कोणी पगार देत नाही. डोकं जागेवर." दहा झाले, वीस झाले. तिसाव्याच्या आसपास तो आवाज आला. सांगता येत नाही तो. जाड, आखूड, दार लागल्यासारखा. जाळं मागच्या कुंपणापर्यंत गेलं. तिआहो स्वतःच्या हातांकडे बघत राहिली.

"लागलं?" मी विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "काहीच नाही लागलं."

मी खाली बसले, टायरच्या कडेवर. आणि तिथे बसून मी तिला सांगून टाकलं. अकरा हिट, कोणत्या त्या, का लिहिल्या. मला वाटलं होतं ती रडेल, किंवा गळ्यात पडेल. म्हाताऱ्या बायका कबुली देताना मनात असलंच काहीतरी बक्षीस धरून असतात.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"अगं, शॉर्टस्टॉपच्या हातून बॉल पडला, तो मी नाही बघितला? मी काय आंधळी आहे? मी तुझ्याकडे बघायचे ते म्हणून बघायचे. म्हटलं, आज तरी चूक लिहील. आज तरी लिहील." बॅटचं टोक ती मातीत खुपसत होती. "तू सगळ्यांच्या पोरींना रडू दिलंस. मला नाही दिलंस. का? मी त्यांच्यापेक्षा कच्ची?"

"तुझी आई..."

"आईचं नाव नको काढूस! आई गेली ते मला सरळ सांगून गेली. विमानतळावर, तोंडावर." टायरमधून पाय काढायला तिला दोनदा झटकावा लागला, त्यामुळे तिचा राग थोडा विस्कटला आणि ती आणखीच चिडली. "आणि आता जोलीन म्हणते मी मारणारी नाही. तुझ्यामुळे, नॅन. तुझ्या लाडामुळे."

मी म्हटलं, "जोलीनला सांगितलं तर सरासरी एकशे अठ्ठ्याऐंशीवर येईल. यादीत नाव लागणार नाही. नाही सांगितलं तर नाव लागेल, आणि टपल्या माराव्या लागतील. तू सांगशील तसं."

"माझ्यावर नको टाकूस," ती म्हणाली. "पेन्सिल कोणाची आहे?"

जेवण तिने केलं नाही. तळलेले पाव फडक्यात बांधून नेले मात्र, चार. रागावलेल्या माणसाने अन्न नेलं की मला जरा धीर येतो.

शनिवारी सकाळी खेळ सुरू व्हायच्या आधी मी गेल्या मोसमाची वही जोलीनसमोर उघडली. अकराही जागी मी हिट खोडून चूक लिहिली होती, पेनने, आणि प्रत्येकाशेजारी माझी सही. जोलीनने टॅबवर बोट फिरवलं. आकडा उतरताना तिचा चेहराही उतरला. मला तिची दया आली, आणि आपल्याला कोणाची दया आली की काय होतं ते माहीत असल्यामुळे मी ती तिथल्या तिथे चिरडली.

"एकशे अठ्ठ्याऐंशी," ती म्हणाली. "नॅन, हे घेऊन मी निवड समितीपुढे जाऊ? हसतील मला."

"मला हसायला सांग."

"तुम्हाला तर मी..." ती थांबली. तिचे कान लाल झाले होते. "पाय काढ म्हणून मायकवर ओरडायचात तुम्ही. सगळ्या बसला ऐकू जाईल असं. मला वाटायचं, या बाईला कोणी नातेवाईकच नसेल, सगळे सारखेच."

"हो."

"आज दुसरं कोणी लिहिणारं नाहीये, म्हणून बसा. पुढच्या शनिवारपासून मी बघते कोणीतरी."

तेहतीस वर्षं अशी पाच शब्दांत आटोपली. मी खुर्ची उघडली. तिचा एक पाय नेहमीसारखा अडकला, कोणी मदतीला आलं नाही. तिआहो बॅट घेऊन जोलीनपाशी गेली. त्या जाळीच्या इतक्या जवळ होत्या की मला न ऐकण्याची सोय नव्हती.

"मी उजवीकडून खेळणार."

"मग यादीचं विसर."

"विसरले."

"तिआहो, टपलीवाल्या पोरीची एकच जागा आहे आणि ती मी तुझ्यासाठी राखली होती. कळतंय ना?"

"कळतंय. धन्यवाद, कोच. उजवीकडून."

ती प्लेटवर गेली, डावखुऱ्यांच्या चौकटीवरून चालत, तिथली चुन्याची रेघ बुटाने पुसत, आणि आपल्या बाजूला उभी राहिली. समोरच्या संघाला गेल्या शनिवारची बातमी होती. त्यांच्या आतल्या पोरी आधीच चार पावलं पुढे येऊन वाकलेल्या. ती उजवीकडे आली तरी त्या हलल्या नाहीत. शॉर्टस्टॉपला एक उंच, तांबड्या वेणीची पोरगी होती, ती तर च्युइंगगम चघळत हसत होती. मला माझ्या सगळ्या टपल्या आठवल्या, सहा वर्षांच्या. पहिला बॉल तिआहोने जाऊ दिला. दुसऱ्याला टाच फिरली. मी ती टाचच बघत होते, म्हणून फटका मला दिसला नाही, ऐकू आला, जाड, आखूड. बॉल जमिनीपासून गुडघाभर उंचीवरून सरळ तांबड्या वेणीकडे गेला, तिच्या ग्लोव्हमध्ये शिरला, आणि ग्लोव्हसकट तिच्या हातातून निघून मागच्या गवतात पडला. तिआहो पहिल्या बेसवर. तांबडी वेणी हात झाडत होती आणि तिचं च्युइंगगम मातीत पडलं होतं.

मैदानातली सगळी डोकी माझ्याकडे वळली. नियम मला वाकवता येण्याइतका सैल आहे. बॉल इतका जोराचा होता की साधारण प्रयत्नात धरताच आला नसता, असं म्हटलं असतं तर जगात कोणी मला खोटं पाडलं नसतं. मी मनात तो फटका पुन्हा येऊ दिला. पोरगी बॉलच्या समोर होती. पाय रोवलेले. ग्लोव्ह उघडा, वेळेत. धरायला हवा होता. तिने फक्त इतका बॉल येईल असं मानलं नव्हतं, आणि मानलं नव्हतं याला वहीत जागा नाही.

"नॅन," तिआहो पहिल्या बेसवरून ओरडली, "काय लिहिलंस?"

"चूक!" मी ओरडले. "सहा नंबर!"

तिने मूठ वर केली. सॉसेजवाला बाप माझ्याकडे वळून म्हणाला, "अहो नॅन, काय दुष्ट बाई आहात, स्वतःच्या नातीला?" त्याला मी माझं जुनं वाक्य ऐकवलं नाही. ते माझं राहिलं नव्हतं.

तीन डावांनंतर तिची पाळी पुन्हा आली. वहीत तिच्या नावापुढे आजचं काही नव्हतं, एकदा बॅटिंग आणि शून्य. ती उजवीकडे जाऊन उभी राहिली, मागच्या पायाने मातीत खळगा करू लागली, टायर असल्यासारखा. जोलीनने टॅब मांडीवर पालथा ठेवला आणि मान वर करून बघायला लागली. तेव्हा तांबड्या वेणीने तिसऱ्या बेसच्या पोरीला काहीतरी सांगितलं. दोघी गुडघ्यांवरचे हात काढून सरळ झाल्या. आणि पिचरने बॉल हातात घेईपर्यंत त्या, आमच्याकडे पाठ न करता, डोळे बॅटवरून न काढता, मागे सरकल्या. आधी एक पाऊल. मग आणखी एक.

वहीत त्याला रकाना नाही. मी पेन्सिल खाली ठेवली आणि नुसतं बघितलं.